दारावरचा लाल दोरा

आप्पा माणसाला नावानं ओळखायचे नाहीत, कापडानं ओळखायचे. समोर कोणीही येवो, आधी हात पुढे. अंगठा आणि दोन बोटं, त्यांच्यामध्ये समोरच्याच्या बाहीची, ओढणीची नाहीतर पदराची कड. एकदा चोळायची, सोडून द्यायची आणि मगच वर तोंडाकडे बघायचं. माझी ओढणी पहिल्यांदा चोळली तेव्हा म्हणाले, "हाई धोवामा मरी जाई." म्हणजे धुण्यात मरणार. कार्यकर्तीला शोभेल म्हणून मी मुद्दाम हातमागाची घेतलेली. मी तडकून म्हटलं, "आप्पा, शुद्ध सुती आहे." त्यावर त्यांनी विचारलं, "तुले कोनी सांगं? दुकानदारनी?" ती ओढणी पुढे खरंच मेली. त्यांनी नजर लावली म्हणून मेली, असं मी त्यांना शेवटपर्यंत ऐकवत राहिले.

धुळ्याकडून तरुणपणी सुरतेत आलेला हा माणूस. आधी लिंबायतच्या कामगारवस्तीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, उभा राहिला. पुढे कधीतरी शेठनं त्याला चेकिंगला बसवलं. ताका, म्हणजे कापडाचा अख्खा गठ्ठा, उतरत्या टेबलावरून सरकत जातो आणि चेकिंगवाला तळहात टेकवून उभा असतो. तुटलेला दोरा, तेलाचा डाग, सुटलेली वीण हाताला लागली की कडेला लाल दोऱ्याची गाठ मारायची. मग पुढे कापणाऱ्याला कळतं, इथे जपून. आप्पांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "खोट दपाडी ठेवी ते ताका परत येस." खोट लपवून ठेवली की माल परत येतो. ते हे वाक्य भाजीपासून सरकारपर्यंत कशालाही लावायचे.

त्यांची माझी गाठ पडली ती तापीपलीकडच्या एका ज्येष्ठांच्या वसाहतीत. बायको गेल्यावर त्यांच्या मुलीनं, मंगलताईनं, त्यांना तिथे ठेवलं होतं. मंगलताई महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका. लिंबायतमध्ये दोन खोल्या, सासू अंथरुणावर, नवरा कडोदऱ्याच्या मिलमध्ये पाळीवर. आप्पांना घरी आणलं आणि पुढेमागे त्यांना सांभाळायची वेळ आली तर शाळेत जाताना बाहेरून कुलूप घालणं, एवढा एकच मार्ग तिच्यापुढे होता. तिला तो नको होता. वसाहत तशी चांगली. लिफ्टमध्ये धरायला दांडा, खाली जेवणाचा हॉल, छोटं देऊळ, चालायला गोल रस्ता. निवृत्त बँकवाले, शिक्षक, सरकारी नोकरीवाले, निम्मे गुजराती, निम्मे मराठी. सगळ्या सोयी होत्या. तिथे फक्त एक शब्द उच्चारायला बंदी होती, आणि मी नेमका तोच शब्द छापून घेऊन गेले होते.

आमचा एक लहानसा गट आहे. स्मृतिभ्रंशाबद्दल पत्रकं काढतो, सभा घेतो. 'विसरणं वेगळं, विसरण्याचा आजार वेगळा' हे पत्रक आम्ही गुजराती, हिंदी आणि मराठीत छापलं होतं. वसाहतीच्या कमिटीचे सेक्रेटरी बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी पत्रक चष्मा न लावता बघितलं आणि परत माझ्याकडे सरकवलं.

"बेटा, इथे सगळे ठणठणीत आहेत."

"सगळे? साहेब, ही ज्येष्ठांची वसाहत आहे."

"म्हणूनच सांगतो. फ्लॅट बघायला लोक येतात. बोर्डावर हे असलं दिसलं तर म्हणतील, इथे वेडे ठेवतात."

"वेड नाही हे. आजार आहे. मेंदूचा. पत्रकात पहिल्याच ओळीत..."

"तू आनंदी स्मरणशक्तीवर बोल ना! लोकांना आवडेल. शेवटी चहा-नाश्ता आमच्याकडून."

मला तेव्हाच उठून निघावंसं वाटत होतं, पण न बोलण्यापेक्षा खोट्या नावाखाली बोललेलं बरं, म्हणून मी थांबले. सभा झाली. मी स्मृतिभ्रंशाची लक्षणं सांगत होते आणि लोक बदामांबद्दल विचारत होते. रात्री भिजवलेले चांगले की कोरडे? साल काढून की सालीसकट? एका बेननी तर अक्रोड मेंदूसारखा दिसतो याच्यावर छोटं भाषणच दिलं. टाळ्या तिला मिळाल्या.

पहिल्या रांगेत आप्पा. मध्येच ओरडले, "ए कागदवाली! मोठ्यानं बोल, लूम चालू शे!" लूम म्हणजे डोक्यावरचा पंखा. जन्मभर मागांच्या खडखडाटात बोललेला माणूस, त्याला हळू आवाज माहीतच नव्हता. शेजारच्याला मीठ मागितलं तरी पलीकडचं टेबल दचकायचं. सभा संपल्यावर त्यांनी पत्रक घेतलं, अर्थात आधी चोळून बघितलं. "कागद चांगला शे. छापेल काय शे?" वाचा म्हटलं तर म्हणाले, "तू आठे येल शे ना, मंग तूच सांग." इथवर आलीच आहेस तर तूच सांग. मी लिंबायतची, घरी अहिराणी बोलणारी, हे कळल्यावर तर त्यांनी माझा ताबाच घेतला. मी सेक्रेटरींना न जुमानता बोर्डावर पोस्टर लावायची; दर आठवड्याला ते काढून कोणीतरी चपलांच्या स्टँडमागे खोचून ठेवायचं, आणि दर आठवड्याला आप्पा ते काढून माझ्या हातात देत म्हणायचे, "ले, तुना ताका परत उना." घे, तुझा माल परत आला. मी संतापायची आणि ते हसायचे. त्यांच्या त्या हसण्याचाही मला राग यायचा.

मग त्यांचंच सुरू झालं. चालायच्या गोल रस्त्यावर ते फिरत राहायचे, कारण बाहेर पडायची वाट सापडायची नाही. जेवून उठायचे आणि परत जेवायला येऊन बसायचे. सेक्रेटरी म्हणाले, भूक चांगली आहे. मंगलताईला मी अक्षरशः ओढून डॉक्टरांकडे नेलं. तिथे प्रश्न विचारले ते गुजरातीत. आप्पा पाहुण्यांकडे बसल्यासारखे गप्प. मी मध्ये पडून तेच अहिराणीत विचारलं, तर निम्म्याची उत्तरं आली. निम्म्याचीच. मी काही चमत्कार सांगत नाहीये, आजार होताच. पण जे निम्मं शिल्लक होतं, ते मोजलं तरी गेलं.

परतताना रिक्षात आप्पांनी विचारलं, "काय म्हने डॉक्टर?"

मंगलताई म्हणाली, "काही नाही आप्पा. अशक्तपणा आहे."

मी तिच्याकडे बघितलं. ती बाहेर बघत होती. मी म्हटलं, "आप्पा, स्मृतिभ्रंश आहे. हळूहळू विसरायला होईल. वाढत जाईल. औषधं आहेत, पण पूर्ण बरं होत नाही." मंगलताईनं माझा हात असा दाबला की वळ उठला. तापी ओलांडताना आप्पा म्हणाले, "मना मालमा खोट निंघनी. आसं सरळ सांगाना." माझ्या मालात खोट निघाली, असं सरळ सांगायचं ना. आणि मंगलताईच्या गुडघ्यावर थोपटलं, जणू आजार तिलाच झाला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या फ्लॅटच्या दाराच्या कडीला लाल दोऱ्याची गाठ होती.

मी बघितली आणि मला लगेच कळलं. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत दुसऱ्या कोणालाही कळलं नाही. समोरच्या बेननी येता-जाता त्या दोऱ्याला नमस्कार करायला सुरुवात केली. कोणी शेजारी लिंबू-मिरची लटकवली. कोणी विचारलं, "आप्पा, कोणत्या देवस्थानाचा? आमच्यासाठी एक आणा ना." आप्पा त्यांच्या नेहमीच्या आवाजात, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं सांगायचे, "देवना नही, चेकिंगना शे! मनामा खोट शे!" लोक एकमेकांकडे बघून मान डोलवायचे. किती विनम्र झालेत बघा म्हातारपणी, स्वतःतच खोट आहे म्हणतात! सेक्रेटरींनी मला अडवून सांगितलं, "बघितलंस? आप्पा धार्मिक झाले. मन शांत ठेवायला याच्यापेक्षा चांगलं पत्रक नाही."

मी त्यांना दोऱ्याचा अर्थ सांगितला. ते म्हणाले, "छे, असं अभद्र बोलू नये."

आता सांगा, याला काय करायचं? इथे आमच्या पत्रकांना लोक हात लावत नाहीत म्हणून मी रडत होते, आणि एका माणसानं आपला आजार स्वतःच्या दारावर बांधून ठेवला होता, वर ओरडून सांगत होता, आणि लोक त्याला हात जोडत होते.

पुढच्या वर्षभरात आप्पांची गुजराती गेली. इतक्या वर्षांची बाजारातली गुजराती, शेठशी भांडायची गुजराती, सगळी. मग हिंदी गेली. मागे उरली ती आईकडून आलेली बोली. जेवणाच्या हॉलमध्ये ते वाढणाऱ्याला म्हणायचे, "भाऊ, माले कळनानी भाकर दे." तो घाबरून मागे सरायचा. "आ शुं बोले छे?" टेबलावरचे निवृत्त मराठी अधिकारी त्याला समजावायचे, "काही नाही, बडबडतात. अर्थ नसतो." अर्थ नसतो! कळण्याची भाकरी मागतोय तो, ज्वारी-उडदाची! सुरतेत निम्मं कापड ज्यांच्या हातून निघतं त्यांची भाषा आहे ती. मी हॉलमध्ये उभी राहून ओरडले. एक काका शांतपणे म्हणाले, "बेटा, जेवताना नको." आमच्या तीन भाषांतल्या पत्रकांतही अहिराणी नव्हती, हे मला कोणी विचारलं नाही. पत्रक कोणी वाचलंच नव्हतं, विचारणार कोण?

आणि मग चंदी पडवो आला. सुरतेत राहणाऱ्याला सांगायला नको: शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर माव्याची गोड घारी आणि भुसू, म्हणजे तिखट फरसाण, असा बेत. वसाहतीच्या गच्चीवर सतरंज्या अंथरल्या होत्या, बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या. आप्पांना इतकं कापड एका जागी कित्येक महिन्यांत दिसलं नव्हतं. ते उठले आणि रांगेनं निघाले. एक पदर, दुसरा पदर, अंगठा आणि दोन बोटं. कोणी अंग चोरलं, कोणी कसनुसं हसलं. खालच्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकूंच्या पदरापाशी ते थांबले, कड धरून ठेवली आणि सोडेचनात. काकू किंचाळल्या. घारीचं ताट उपडं झालं. कुलकर्णीकाका आपल्या जागी बसून सगळीकडे हसऱ्या चेहऱ्यानं बघत होते. "काय झालं? काय झालं?" असं विचारत होते, पण उठले नाहीत. तेव्हा माझं लक्ष आप्पांकडे होतं. कोणीतरी त्यांच्या हातावर फटका मारला होता आणि ते आपल्या हाताकडे बघत होते.

कमिटीची सभा लगेच पुढच्या रविवारी. विषय एकच होता: आप्पांना मुलीनं घेऊन जावं. मंगलताई शाळेतून आल्यासारखी पर्स छातीशी धरून बसली होती. तिच्या डोळ्यांसमोर ते कुलूप होतं, मला दिसत होतं.

"बायकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"त्यांनी बाईला हात लावला नाही. कापडाला लावला," मी म्हटलं. "तुमच्या शर्टालाही लावतात. तुम्ही तेव्हा किंचाळलात का?"

"बेटा, भाषा जपून."

"भाषा! त्यांची भाषा तुम्हाला बडबड वाटते, त्यांचा हात तुम्हाला वाईट वाटतो आणि त्यांचा दोरा तुम्हाला देवाचा वाटतो! तो माणूस वर्षभर तुम्हाला सांगतोय, मला आजार आहे. त्यांच्या हाताला काम द्या. खाली टेबल टाका. बाजारातून कापडाचे तुकडे मी आणते, पोतं भरून आणते. हात कापडावर राहील, पदरावर जाणार नाही."

मला वाटलं, कोणीतरी ओरडेल. ओरडलं नाही कोणी. सेक्रेटरींनी नुसत्या चष्म्याच्या काचा पुसल्या आणि अट सांगितली, बँकेत कर्ज मंजूर करताना सांगत असतील तशी. टेबल देऊ. पण हॉलमध्ये नाही, मागे जनरेटरशेजारच्या खोलीत. आणि बोर्डावरचं पोस्टर बंद. आजाराचं नाव या इमारतीत कोणी घ्यायचं नाही. विचारलं तर सांगायचं, आप्पा हस्तकलेत रमतात.

मी उठून उभी राहिले. माझ्याकडे उत्तर तयार होतं, चांगलं लांबलचक होतं. मंगलताईनं माझ्या कुर्त्याची कड धरली. तिच्या वडिलांसारखीच, अंगठा आणि दोन बोटं. म्हणाली, "कागद राहू दे. आप्पांना राहू दे."

मी खाली बसले. पोस्टर मीच काढलं, चपलांच्या स्टँडमागे खोचायचेही त्यांचे कष्ट वाचवले. याच्याइतका राग मला आजवर कोणाचाच आला नाही, आणि तो नेमका कोणावर काढायचा हे अजूनही ठरलेलं नाही.

जनरेटरशेजारच्या खोलीत आप्पा मात्र खूश होते. जनरेटर सुरू झाला की त्यांचा आवाज आपोआप मोठा व्हायचा, चेहरा उजळायचा, त्यांना खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, आल्यासारखं वाटायचं. मी तुकडे न्यायची. ते एकेक तळहाताखालून सरकवायचे, मध्येच थांबायचे, कडेला गाठ मारायचे. खोट असो नसो, गाठ मारायचे. शब्द जवळजवळ संपले होते. मी गेले की ओढणी चोळायचे आणि तोंड वाकडं करायचे. तेवढं मात्र विसरले नाहीत.

एक दिवस तिथे कुलकर्णीकाकू दिसल्या. मांडीवर घडी घातलेल्या जुन्या साड्या. मी दारातच थांबले, तर त्या चिडूनच म्हणाल्या, "अगं ये की आत. एवढं काय बघतेस?" आणि आप्पांपुढे साडी सरकवत, "ही बघा हो, आप्पा. ही आमच्या लग्नातली." आप्पांनी चोळली. बराच वेळ चोळली. मग मान हलवली, म्हणजे बेस.

निघताना काकूंनी मला जनरेटरच्या आवाजाआड गाठलं. "तुझा तो कागद आहे का गं एखादा? मराठीतला?" मी पिशवीतून काढला. त्यांनी तो साडीच्या घडीत घातला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे मला परवा विचारत होते, तुम्ही कोणाकडे आलात." मी काही म्हणायच्या आत त्या लिफ्टकडे निघूनही गेल्या.

आप्पा थंडीत गेले. छातीत कफ झाला आणि आठवडाभरात सगळं संपलं. मंगलताईनं उरलेले तुकडे त्यांच्याबरोबर दिले. वसाहतीच्या बोर्डावर, माझं पोस्टर जिथे टिकायचं नाही तिथे, व्यवस्थित चार पिना लावून सूचना होती: अल्प आजाराने निधन. अल्प! मी पेन काढलं होतं. तिथला पहारेकरी म्हणाला, "बेन, रहेवा दो ने." मी पेन परत ठेवलं नाही, पण लिहिलंही नाही. त्याची नोकरी गेली असती.

सामान आवरायला मी मंगलताईबरोबर वर गेले. कडीचा लाल दोरा विटून गुलाबी झाला होता. त्याच्याखाली कोणीतरी ठेवलेलं फूल होतं, अजून. मंगलताईनं फूल उचलून बाजूला ठेवलं आणि गाठ सोडवायला बसली. ती सुटेना. चेकिंगवाल्याची गाठ, सुटायची नसतेच. शेवटी तिनं ती तशीच ठेवली.

आम्ही पिशव्या घेऊन खालच्या मजल्यावर आलो तर लिफ्टसमोर सेक्रेटरी उभे. ते एका दाराकडे बघत होते. कुलकर्ण्यांचं दार. कडीला लाल दोरा, नवाकोरा, गाठ जरा बायकी, वेणीला मारतात तशी. काकू दारातच कुलकर्णीकाकांच्या शर्टाची बटणं लावत होत्या. काका सगळ्यांकडे बघून तसेच हसत होते.

"वा, काकू," सेक्रेटरी म्हणाले, "तुम्हीही आणलात? कोणत्या देवस्थानाचा?"

काकूंनी शेवटचं बटण लावलं. मग त्यांनी आवाज चढवला, असा की लिफ्टमधून उतरणारे थबकले आणि वरच्या मजल्यावर कोणीतरी दार उघडलं. जणू कुठे लूम चालू होता.

"देवाचा नाही हो. चेकिंगचा आहे. यांना स्मृतिभ्रंश झालाय."